बाबांच्या नावाला ओ

विश्वास ठेवायचा नसेल तर आत्ताच सांगा. मी सांगायचं थांबणार नाही, फक्त तुमच्याकडे बघून सांगणार नाही, एवढंच. त्या सणाच्या संध्याकाळी या दिवाणखान्यात जे घडलं ते मी आजवर चाळीस-पन्नास जणांना सांगितलंय, आणि ऐकून झाल्यावर एकानंही मला धड पाणी विचारलेलं नाही. एक गृहस्थ तर मध्येच उठून चपला शोधायला लागले. मी म्हटलं, चपला घालून बसा हवं तर, पण शेवट ऐकून जा.

आज सांगायला कारण आहे. आज अक्काचं नाव पहिल्यांदा हजेरीत येणार, आणि तिचं भिंग जिच्या मुठीत आहे ती तिची लेक, आपली डॉक्टरीण, सकाळपासून खिडकीत तोंड फुगवून बसलीय. म्हणते, "ज्यावर माझा विश्वास नाही ते मी बोलणार नाही." हुबेहूब आईवर गेलीय. फरक इतकाच, आई तोंड न फुगवता नास्तिक होती.

तू ऐकू नकोस गं. बस तिथेच. मी हे आपल्या नव्या जावईबापूंना सांगतोय.

तर जावईबापू, आजच्या दिवशी घरातले गेलेले लोक जेवायला येतात, एवढं तर साऱ्या जगाला माहीत आहे. पण आल्यावर त्यांची हजेरी घेतात ती फक्त आमच्या घरात. माझे आजोबा घड्याळजी होते. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. शिंक आली तरी दुसरी किती सेकंदांनी येते ते बघत. ते म्हणाले, पाहुणे येतात तर कोण आलं, कोण राहिलं, ते कळायला नको? तेव्हापासून सातचे ठोके पडले, प्रार्थना झाली, की हल्ली आमच्या थोरल्या वहिनी यादी काढतात आणि एकेक नाव घेतात. ज्याच्याकडे त्या माणसाचं हत्यार असेल, म्हणजे कुणाकडे चिमटा, कुणाकडे हातोडी, त्यानं ते टेबलावर ठेवायचं आणि त्याच्या वतीनं ओ द्यायची, "हजर." ज्या नावाला ओ मिळाली नाही ते पुढच्या वर्षी घ्यायचं नाही. एक चुलत आजोबा असेच गळाले. त्यांचा पेचकस कुठंतरी हरवला, त्या संध्याकाळी कुणी बोललं नाही, झालं. आता त्यांचं नाव कुणालाच आठवत नाही. मलाही नाही, आणि मला तर न घडलेल्या गोष्टीही आठवतात.

नावं मी आत्ता सांगत नाही. आधी घेतली तर संध्याकाळपर्यंत शिळी होतात, असं वहिनींचं म्हणणं आहे.

आणि हे घड्याळ बघून ठेवा. भिंतीत चिणलंय. तोंड दिवाणखान्यात, पाठ पलीकडे स्वयंपाकघरात, म्हणजे भाजी करपायच्या आत ठोके ऐकू यावेत. किल्ली द्यायला, लंबक नीट करायला मागून एक दार आहे, माणूस अंग चोरून आत मावेल एवढं. त्या दाराची बिजागरी तेव्हा अशी करकरायची की शेजारची मांजर आमच्याकडे दूध प्यायची बंद झाली.

आता अक्का. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचे कान काय सांगू! भर चौकात उभी राहून ती जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवायची, "अहो, तुमचं मनगट चार मिनिटं मागं आहे." एकदा सर्कशीचा हत्ती समोरून गेला तर म्हणाली, याच्या पोटात काहीतरी टिकटिकतंय. निघालं ना माहुताचं घड्याळ! हसू नका. हत्ती गेला, माहूत गेला, पण घड्याळ अजून आहे.

देव नाही, हे तिला चौदाव्या वर्षी कळलं. तिनं ते जेवताना सांगितलं आणि आणखी भात मागितला. बाबा मोठे भाविक, पण त्यांनी भात वाढला. पुढं प्रत्येक सणाच्या आठवडाभर आधी हीच बाई पिशवी खांद्याला अडकवून प्रार्थनाघराच्या मनोऱ्यावर चढायची आणि तिथलं मोठं घड्याळ साफ करून, लावून खाली यायची. एकशे बारा पायऱ्या. प्रार्थनाघराच्या प्रमुखांनी एकदा चेष्टेनं विचारलं, "बाई, देव मानत नाही तुम्ही, मग त्याचं घड्याळ कशाला लावता?"

"घड्याळ मानते ना," अक्का म्हणाली. "आणि लोकं वेळेवर यायला निघतात, त्यांना मानते."

पंचवीस वर्षांमागं बाबा गेले, तो हा किस्सा. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी आपलं भिंग, डोळ्याला लावायचं ते काळं, कडेला दातांनी चावून चावून खडबडीत झालेलं, अक्काच्या हातात दिलं. साक्षीला मी होतो. मला काही दिलं नाही. बरोबरच होतं. मी आयुष्यात तीन घड्याळं उघडली. दोन परत मिटली नाहीत, तिसरं मिटलं तेव्हा एक चाक बाहेर उरलं होतं. बाबा म्हणाले, "तू बोलतोस छान." म्हणून मी गावोगाव शिलाई यंत्रं विकली. हत्यार नाही, म्हणून हजेरीत मला ओ देता येत नाही. मी आपला जेवायला असतो.

तर त्या वर्षी सणाच्या सकाळी अक्का कामावर बसली होती. दुकानाच्या मागची खोली. टेबलावर हिरवं कापड, त्यावर एका बाईच्या हातातलं घड्याळ सोळा तुकड्यांत. आणि दारात आला मास्तर.

मास्तर म्हणजे आमच्या थोरल्या भावाचा मुलगा, वहिनींचा. शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरी सगळ्यांना वळण.

"आत्या, जरा बोलायचं होतं."

"बोल की. श्वास मात्र त्या बाजूला सोड. हे काटे उडतात."

"आज आजोबांचं नाव पहिल्यांदा येणार." तो बसला नाही. "तू ओ देणार?"

"भिंग माझ्याकडे आहे. दुसरं कोण देणार?"

"पण आत्या, ते येतात यावर तुझा विश्वास नाही."

"नाही."

"मग 'हजर' कुणाला म्हणणार? म्हणजे खोटंच झालं ना? तू तर गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं बोलत नाहीस. आजच्या दिवसापुरतं भिंग माझ्याकडे दे. मी ओ देतो. उद्या सकाळी परत."

अक्कानं चिमटा खाली ठेवला. ती चिमटा खाली ठेवायची तेव्हा समजायचं, हवा बदलली.

आता मास्तरच्या मनात काय होतं ते मला कसं कळलं, विचारू नका. माझं डोकं लहान आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्यात पटकन शिरता येतं. तो आगाऊपणा करत नव्हता. अकरा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, तेव्हापासून त्याला आजोबांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, वाढवलं. त्यांच्या बोटाला धरून तो शाळेत गेला, आणि मास्तर होऊन त्याच शाळेत परत गेला. त्याला खरोखर वाटत होतं की आज सात वाजता आजोबा दारात उभे राहणार. आणि त्यांचं आपल्या घरी पहिलं स्वागत करणार कोण, तर ज्या बाईला वाटतं दारात कुणीच नाही! हे त्याच्यानं सोसवत नव्हतं.

"मास्तर," अक्का म्हणाली, "भिंग मी देणार नाही. हट्ट म्हण हवं तर."

"हट्टच आहे."

"ठीक. मग जाताना दार लावून घे."

दार त्यानं लावलं, जरा जोरातच. एक काटा उडाला. तो शोधायला अक्काला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत मास्तरनं घरभर आघाडी उभी केली.

दुपारी जेवणाच्या टेबलाशी येऊन बघतो तर काय! मास्तरच्या शेजारी आमची डॉक्टरीण. हीच, खिडकीतली. तेव्हा नुकतीच इस्पितळात लागली होती. ती कडकडीत नास्तिक, तो कडकडीत आस्तिक. दोघांचं लहानपणापासून पाण्याच्या ग्लासावरूनही जमलेलं नाही. आणि आज खांद्याला खांदा!

मास्तर म्हणाला, "हिलाही माझंच पटतंय."

"कारण वेगळं आहे हं," डॉक्टरीण म्हणाली.

"कारण वेगळं, पण मत एकच."

"आई, तू देऊन टाक ते भिंग," डॉक्टरीण सुरू झाली. "तुझा काय संबंध या सगळ्याशी? मला तूच शिकवलंस ना, न पटलेलं बोलायचं नाही? त्या दिवशी एका पेशंटच्या भावानं मला म्हटलं, 'डॉक्टर, आमच्याबरोबर प्रार्थनेला उभ्या राहा.' मी नाही राहिले. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी तुझी आठवण काढून ताठ उभी राहिले. आणि तू घरी येऊन भुतांची हजेरी घेतेस!"

"भुतं नाहीत ती," मास्तर दुखावला.

"बरं, पाहुण्यांची."

"असं बोलायचं असेल तर मी तुझ्या बाजूला नाही."

"तू माझ्या बाजूला नाहीसच. मी तुझ्या बाजूला आहे."

वहिनी ताटं मांडत होत्या. त्यांना दोन्ही बाजूंचं सगळं पटतं, त्यामुळे त्यांचे फार हाल होतात. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला नसेल बोलायचं तर नका बोलू. फक्त बसा. आणि भावजी, तुम्ही तरी काही बोला. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही."

मी म्हटलं, "मला मत नाही. माझ्याकडे हातोडीसुद्धा नाही."

पण वहिनींना वेगळीच धास्ती होती, ती मला दिसत होती. सासरे गेले, आता घर कोण धरून ठेवणार? यंदा एक नाव गळालं की पुढच्या वर्षी एक ताट कमी, मग दोन. त्यांनी मांडलेली ताटं त्या पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

अक्कानं लेकीकडे पाहिलं. "त्या पेशंटचं काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याच्या भावानं बोलावलं."

"गेला," डॉक्टरीण म्हणाली.

"तू उभी राहिली नाहीस ते बरोबर केलंस. तो तुझा कुणी नव्हता, आणि ती खोलीही तुझी नव्हती. ही खोली माझी आहे." मग ती मास्तरकडे वळली. "आणि तू. तू म्हणतोस, ते येतात. मग तुला ओ द्यायची गरजच काय? आले की ते स्वतः देतील. त्यांना जीभ होती रे. चांगली लांब होती. मला वाटतं, ते येत नाहीत. कधीच येणार नाहीत. म्हणूनच तर कुणीतरी बोलायला पाहिजे ना? रिकाम्या खुर्चीच्या वतीनं बोलायला रिकामी खुर्ची दिसावी लागते, मास्तर. ती मला तुझ्यापेक्षा जास्त स्वच्छ दिसते."

आयुष्यभर मी लोकांना यंत्रं विकत फिरलो, हजारो वाक्यं बोललो, पण त्यातलं एकही असं नव्हतं. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की मी उठून दुसऱ्यांदा भात घेतला.

मास्तरनं मान खाली घातली. "आत्या, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. काही हरकत नाही. चटणी सरकव."

डॉक्टरीण मात्र म्हणाली, "मला नाही पटलं."

"नको पटू दे. सातला ये मात्र."

संपलं असतं तिथंच. वादात अक्का जिंकली होती. पण वाद दुपारी झाला आणि हजेरी संध्याकाळी असते.

सातचे ठोके पडले. मास्तरनं प्रार्थना म्हटली, छान म्हटली, आवाज आहे त्याला. अक्का हात मांडीवर ठेवून ऐकत होती. डोळे उघडे, ओठ बंद, पण घड्याळ ऐकावं तसं मन लावून. वहिनींनी यादी उघडली. पणजोबा. वहिनींनीच त्यांची छिन्नी ठेवली, हजर. आजोबा. अक्कानं चिमटा ठेवला, "हजर." खणखणीत. चाळीस वर्षं देत आलेली ओ, त्यात काय! थोरला भाऊ. मास्तरनं बापाची हातोडी ठेवली आणि असा काही बोलला की डॉक्टरिणीनंसुद्धा टेबलाखालून त्याचा हात धरला. नाही म्हणू नकोस, मी पाय मोकळे करायला वाकलो होतो तेव्हा पाहिलं.

मग बाबांचं नाव.

अक्कानं भिंग टेबलावर ठेवलं. तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

आता तुम्हाला अक्का माहीत असायला हवी. चाळीस वर्षांत तिनं बंद घड्याळाला कधी चालतंय म्हटलेलं नाही. गिऱ्हाईक रडलं तरी नाही. आजोबांना तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं, त्यांच्या वतीनं बोलणं सोपं होतं. पण बाबांचा हात तिनं स्वतःच्या हातात गार होताना धरला होता. दुपारी बोललेलं सगळं खरंच होतं, आणि तरीही त्या माणसाला हजर म्हणायला तिची जीभ उचलेना. ती भिंगाकडे बघत राहिली. कडेवर बाबांच्या दातांच्या खुणा होत्या.

वहिनींनी नाव पुन्हा घेतलं. रीतीप्रमाणे तीनदा घेतात.

मास्तरला बोलता आलं असतं. पण हत्यार त्याच्याकडे नव्हतं, आणि अक्काच्या हातून ते ओढून घेण्याइतका तो वाईट कधीच नव्हता. दुपारी त्याला ओ स्वतः द्यायची होती. आता त्याला फक्त अक्कानं द्यावी असं वाटत होतं. तो मनात म्हणत होता, आत्या, बोल. डॉक्टरीणसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणत होती, आई, बोल ना. बघा म्हणजे, दुपारी जे तिला गप्प करायला निघाले होते तेच!

मी तेव्हा तिथं नव्हतो. टेबलावर मीठ नव्हतं, ते आणायला स्वयंपाकघरात गेलो होतो. त्यामुळे पुढचं मी काही रचून सांगतोय असं म्हणायला जागाच नाही.

वहिनींनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. त्यांचा आवाज फाटला. एक नाव गळणार, एक ताट कमी होणार. कुठंतरी काहीतरी करकरलं.

आणि घड्याळ खाकरलं.

शपथ घेऊन सांगतो. आधी खाकरलं, जसे बाबा बोलण्याआधी खाकरायचे, आणि मग आतून, लंबकाच्या मागून, जाड, जरा घोगरा आवाज आला, "हजर."

वहिनींच्या हातून यादी पडली. मास्तर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. गाल ओले, तोंडावर हसू, अकरा वर्षांच्या मुलासारखं. डॉक्टरीण पांढरी पडली. आणि अक्का? अक्कानं घड्याळाकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. भिंग उचललं, पदराला पुसलं, आणि म्हणाली, "वहिनी, यादी उचला. जेवण गार होतंय."

मी मीठ घेऊन आलो तेव्हा सगळे जेवत होते. मला कळेचना काय झालं ते.

तेव्हापासून दर वर्षी, जावईबापू, बाबांच्या नावाला अक्का फक्त भिंग ठेवायची आणि ओ घड्याळ द्यायचं. चोवीस वर्षं. मास्तर म्हणतो, आजोबा येतात. अक्काला कुणी विचारलं की ती म्हणायची, "घड्याळ चांगलं आहे." आणि यावर कडी ऐका. त्या पहिल्या वर्षानंतर मागच्या दाराची बिजागरी पुन्हा कधी करकरली नाही! कुणी हात लावला नाही, काही नाही. आपोआप मऊ झाली. लोण्यासारखी. आता हा चमत्कार नाही तर काय म्हणायचं? मी स्वतः अडाणी माणूस, मला घड्याळातलं काही कळत नाही, पण एवढं सांगतो, या घरात—

"मामा."

काय गं? तू ऐकत नव्हतीस ना?

"तेल आई घालायची." खिडकीतून ती उठली होती. भिंग तिच्या मुठीतच होतं. "दर वर्षी, सणाच्या आदल्या दिवशी. छोट्या कुपीतलं, मनगटी घड्याळाचं तेल. मी विचारलं, आई, एवढं भारी तेल बिजागरीला कशाला? तर म्हणाली, आत एक माणूस उभा राहतो, त्याला लाज वाटायला नको."

दिवाणखान्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तरसुद्धा. जावईबापूंनी तर चपलांकडेच पाहिलं.

"खोटारडा आहेस तू," डॉक्टरीण म्हणाली. तिनं भिंग टेबलावर, वहिनींच्या यादीशेजारी ठेवलं आणि घड्याळात पाहिलं. सातला पाच कमी होते. "तो आवाज तुझा होता. ऊठ आता, गुडघे सांभाळून. टेबलावर मीठ नाहीये."